रक्ताळलेला झगा

आइसलँडच्या सागा म्हटलं की कुऱ्हाडी परजणारे तापट वीर डोळ्यांसमोर येतात. पण तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिली गेलेली 'न्यालची सागा' वाचली (मी अर्थात भाषांतरातूनच) तर वेगळंच दिसतं. तिथली शहाणी माणसं सारखी भांडण मिटवायला धडपडत असतात!

काळ साधारण इ. स. १०००चा. देशाला राजा नाही. ९३० साली सुरू झालेल्या 'आल्थिंग' या सभेत दर उन्हाळ्यात खटले चालत, निकालही लागत. पण तो अंमलात कोण आणणार? शिपाई नाहीत, फौज नाही. ते काम नातेवाइकांचं. त्यामुळे अब्रू म्हणजे नुसती मिजास नव्हे. ज्याच्या मागे भाऊबंद उभे राहत नाहीत, त्याला कुणीही लुटावं.

न्यालच्या मुलांनी होस्कुल्दच्या बापाला मारलं होतं. वैर तिथेच थांबावं म्हणून न्यालने त्या पोराला आपल्या घरी वाढवलं, पोटच्या पोरांहून जास्त जीव लावला. पुढे कुणीतरी कान भरले आणि त्याच मुलांनी शेतात पेरणी करणाऱ्या होस्कुल्दला ठार केलं.

त्याची बायको हिल्डिगुन. तिने सांडलेलं रक्त त्याच्याच झग्यात टिपलं आणि झगा जपून ठेवला. काका फ्लोसी घरी आला, जेवला, कायद्याने काय ते करू म्हणाला. तिने झगा आणून त्याच्या अंगावर टाकला. वाळलेलं रक्त त्याच्या अंगावर सांडलं. हा झगा होस्कुल्दला फ्लोसीनेच दिलेला होता! फ्लोसी भयंकर चिडला, तिला नाही नाही ते बोलला. चिडणारच. तिने त्याच्या समंजसपणाची वाटच बंद केली होती.

तरीही आल्थिंगमध्ये तडजोड ठरली. तिप्पट भरपाई, चांदीचा ढीग रचला गेला. न्यालने वर एक रेशमी झगा ठेवला. कोणी ठेवला, असं फ्लोसीने विचारलं, कुणी बोलेना. मग टोमणे, शिव्या, आणि सगळं फिसकटलं. पुन्हा झगाच!

फ्लोसीने न्यालचं घर पेटवलं. म्हाताऱ्या बर्गथोराला बाहेर पडायची मुभा होती. ती नवऱ्याजवळच राहिली. नातूही आजीला सोडून जाईना.

हिल्डिगुनला दुष्ट ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ना तिला खटला चालवता येत होता, ना कुऱ्हाड उचलता. तिच्या हातात एवढंच होतं.

आगीतून निसटलेला न्यालचा जावई कारी कित्येक वर्षं सूड घेत फिरला. शेवटी जहाज फुटून तो बर्फाच्या वादळात फ्लोसीच्याच दारी आला. फ्लोसीने त्याला मिठी मारली आणि हिल्डिगुनचं लग्न त्याच्याशी लावून दिलं. होस्कुल्दला मारणाऱ्यांत हा कारीही होता. यावर तिला काय वाटलं, ते सागा सांगत नाही.