स्कॉचची चव आणि आपला मोह

भारत-ब्रिटन व्यापार करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या आणि आपल्याकडे चर्चा कसली, तर स्कॉच किती स्वस्त होणार! आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्के, हे गणित अनेकांना पाठ झालंय. पण ही दारू एवढ्या मानाची झाली कशी? त्या इतिहासाचं एक टोक आपल्या ठाण्या-कुलाब्यापर्यंत येतं, म्हणून ही पोस्ट.

आधी नाव समजून घेऊ. ‘सिंगल’ म्हणजे एकाच डिस्टिलरीतली. ‘माल्ट’ म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. बार्ली, पाणी आणि यीस्ट एवढाच कच्चा माल. तो आंबवून तांब्याच्या भट्टीत गाळायचा आणि ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरवायचा, तेही स्कॉटलंडमध्येच. मग एकीला धुराचा वास आणि दुसरीला मनुकांची गोडी येते कुठून? बरीचशी उत्तरं गरिबीत, व्यापारात आणि कायद्यात सापडतात.

धूर घ्या. मोड आलेली बार्ली वाळवायला जाळ लागतो. आयला बेटावर झाडं कमी, पण पीट म्हणजे दलदलीत कुजून तयार झालेली जळाऊ माती भरपूर. तिचा धूर दाण्यात मुरला. लाफ्रॉयग किंवा आर्डबेगचा वास घेताना दवाखान्यातलं आयोडीन आठवतं ते यामुळे. स्पे नदीच्या खोऱ्यात १८६३ मध्ये रेल्वे आली, कोळसा सहज मिळू लागला आणि तिथली व्हिस्की हळूहळू धुरापासून लांब गेली.

मनुका, खजूर, सुकं अंजीर हा स्वाद शेरीच्या पिंपांचा. स्पेनची शेरी पिंपांतून ब्रिटनला यायची, रिकामी पिंपं स्वस्तात मिळायची, ती कशाला टाकायची? व्हॅनिला आणि खोबऱ्याची चव अमेरिकेची. तिथल्या कायद्यानुसार बर्बन व्हिस्कीला दरवेळी आतून जाळलेलं नवं कोरं ओक लागतं. एकदा वापरलेलं पिंप त्यांना त्याच कामाला चालत नाही, ते स्कॉटलंडला जातं.

तीन वर्षांची अटही काही रसिकांनी घातलेली नाही. पहिल्या महायुद्धात कामगारांचं पिणं आवरायला १९१५ मध्ये ब्रिटिश सरकारने कच्च्या दारूच्या विक्रीवर बंधन आणलं. आधी दोन वर्षं, मग तीन. हेतू दारू कमी करण्याचा, फायदा झाला चवीचा.

पण सगळ्यात मोठं वळण १८२३ चं. त्याआधी शतकभर सरकार कर वाढवत होतं. १७२५ मध्ये माल्टवरच्या करामुळे ग्लासगोत दंगल झाली. पुढे भट्टीच्या आकारावर कर बसला, तर कारखानदारांनी उथळ भट्ट्या बनवून भराभर गाळायला सुरुवात केली. कायदेशीर दारू बेचव झाली. डोंगरातला चोरटा शेतकरी मात्र छोट्या भट्टीत सावकाश गाळायचा, त्यामुळे त्याचीच दारू चांगली. १८२२ मध्ये राजे चौथे जॉर्ज एडिंबरोला आले, तेव्हा त्यांनाही म्हणे ग्लेनलिव्हेटचा चोरटा मालच हवा होता!

दुसऱ्या वर्षी संसदेने कर निम्म्याहून कमी केला आणि १० पौंडांत वार्षिक परवाना दिला. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने तो घेतला. चोरटा धंदा करणारे शेजारी इतके खवळले की त्याला कंबरेला पिस्तुलं लावून फिरावं लागलं. पण कालचा गुन्हेगार उद्योजक झाला आणि डोंगरातली चव टिकली.

आता त्याच ब्रिटिश सरकारने इकडे काय केलं बघा. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि गावोगावची मोहाची भट्टी गुन्हा ठरली. गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला, कारण तिथे महसूल वसूल करणं सोपं. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. जे फूल आदिवासी घरांत टंचाईच्या दिवसांत खाल्लं जातं, ते घरात ठेवणंही संशयाचं झालं.

म्हणजे तिकडे छोट्याला परवाना, इकडे छोट्यावर धाड. दोन्हीकडे महसूलच हवा होता, पण तिकडच्या जमीनदारांचा आवाज लंडनच्या संसदेत पोचत होता. आपल्या कातकरी-वारल्यांचा कोण पोचवणार?

दारूने घरं मोडतात, ते दुखणं खरं आहे आणि दारूबंदीसाठी लढणाऱ्या बायाबापड्यांबद्दल मला आदरच आहे. पण ‘हातभट्टी’ म्हटलं की विषारी दारूच डोळ्यांपुढे येते, याला दीडशे वर्षांचा कायदाही जबाबदार आहे. लपून, घाईत गाळलेल्या दारूला ना चव ना खात्री, हे स्कॉटलंडनेही भोगलंय. शेजारच्या गोव्याने २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळवलं. मोहाचं फूल मात्र अजून पोलिसांच्या पंचनाम्यातच जास्त दिसतं.

स्कॉच स्वस्त होईल तेव्हा होईल. मोहाला परवाना कधी, हेही कुणीतरी विचारायला हवं.