पीएच.डी.चा जमाखर्च : केतकर आणि आंबेडकर

पदवीधर झाल्यावर आणखी पाच-सहा वर्षे प्रबंधासाठी घालवावीत की नाही, हा प्रश्न आजचा वाटतो. पण तो निदान सव्वाशे वर्षे जुना आहे. १९०३ साली हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी या विषयावर एक खरमरीत लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यात पीएच.डी.ला अष्टपादाची उपमा दिली. निमित्त साधे होते. तत्त्वज्ञानाच्या एका हुशार विद्यार्थ्याला एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवण्यासाठी नेमले गेले आणि मग तेथील चालकांच्या लक्षात आले की त्याच्या नावापुढे ती तीन अक्षरे नाहीत. पदवी तत्त्वज्ञानाची, शिकवायचे साहित्य. तरीही पदवी हवीच. जेम्स यांचा संताप या विसंगतीवर होता.

हा लेख प्रसिद्ध झाला त्यानंतर तीनच वर्षांनी एक मराठी तरुण हीच पदवी मिळवण्यासाठी अमेरिकेला निघाला. त्याच्यानंतर सात वर्षांनी दुसरा गेला. दोघांनीही न्यूयॉर्क राज्यातच शिक्षण घेतले, दोघांनीही जातिसंस्थेवर लिहिले. पहिले श्रीधर व्यंकटेश केतकर, दुसरे भीमराव रामजी आंबेडकर. या दोघांच्या पदव्यांचा हिशेब शेजारी ठेवून पाहिला, तर ‘वेळ सार्थकी लागला का’ या प्रश्नाला एकच उत्तर का देता येत नाही, ते कळू लागते.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी अमेरिका हा संशोधनाच्या पदवीचा स्वाभाविक रस्ता होता. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ मूलतः परीक्षा घेणारी संस्था होती. संशोधन शिकवणे हे तिचे काम मानले जात नव्हते. खुद्द ऑक्सफर्डने डी.फिल. ही संशोधनाची पदवी सुरू केली ती १९१७ साली. जर्मनी या बाबतीत सर्वांत पुढे होती आणि तिचे अनुकरण करून अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ पासून पीएच.डी. देण्यास आरंभ केला होता. म्हणजे आपल्याकडचा इंग्रजी राज्यातला तरुण बॅरिस्टरी किंवा आय.सी.एस.साठी विलायतेला जाई. ज्याला प्रबंध लिहायचा, त्याला अटलांटिक ओलांडावा लागे.

केतकर १९०६ साली गेले. जन्म १८८४चा, म्हणजे वय बावीस. कॉर्नेल विद्यापीठातून बी.ए.पासून पीएच.डी.पर्यंतच्या पदव्या त्यांनी १९११ पर्यंत मिळवल्या. भारतातील जातींचा इतिहास हा त्यांचा विषय. त्या ग्रंथाचा पहिला भाग १९०९ साली इथाका येथेच छापला गेला. मनुस्मृतीचा पुरावा घेऊन इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजाचे चित्र उभे करणे, असे त्याचे स्वरूप होते. त्यापूर्वी जातीवर जे गाजलेले लेखन होते ते बहुतांशी सेनार, नेसफील्ड, रिस्ले अशा युरोपीय विद्वानांचे किंवा खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांचे. त्या रांगेत एक मराठी नाव प्रबंधाच्या शिस्तीने येऊन बसले.

१९१२ साली डॉ. केतकर मायदेशी परतले. पदवीने काय दिले? काही काळ कलकत्ता विद्यापीठात अध्यापन. ते टिकले नाही. महाराष्ट्रात समाजशास्त्राच्या डॉक्टरला बसायला खुर्ची नव्हती, कारण तो विषयच येथे अजून शिकवला जात नव्हता. ज्ञान होते, पण त्यासाठी पगार देणारी संस्था नव्हती. ही अडचण व्यक्तीची नव्हती. मागणीच्या आधी आलेल्या मालाची होती.

मग त्यांनी जे केले ते कोणत्याही विद्यापीठाने सांगितलेले नव्हते. त्यांनी मराठीत ज्ञानकोश करायचे ठरवले आणि त्यासाठी नागपुरात भागभांडवलाची कंपनी काढली. कंपनी! कोशासाठी राजाश्रय मागण्याची आपली परंपरा. येथे एक डॉक्टर गावोगाव हिंडून भाग विकत होता आणि ग्राहक जमवत होता. पुढे काम पुण्यात आले. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड झाले : पहिले पाच प्रस्तावनाखंड, त्यानंतर सोळा शरीरखंड, मग सूची आणि शेवटी हिंदुस्थानावरचा खंड. साधारण बारा-तेरा वर्षांत हे उरकले. सर्व मजकूर मराठीत, आणि तोही अशा काळात की अनेक शास्त्रांना मराठी परिभाषाच नव्हती. सूचीला स्वतंत्र खंड देण्याची कल्पना घ्या. माहिती गोळा करणे एक आणि ती वाचकाला सापडेल अशी लावणे दुसरे. ही दुसरी सवय प्रबंध लिहिताना अंगी बाणते. कॉर्नेलच्या वर्षांचे फळ शोधायचे असेल, तर ते येथे शोधावे.

पैशाच्या दृष्टीने मात्र तो व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. पुढे केतकरांनी कादंबऱ्या लिहिल्या, १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. पण अखेरची वर्षे आर्थिक ओढगस्तीत गेली. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा वय ५३. मराठी माणसाने त्यांच्या नावाला कायमचे जोडले ते ‘ज्ञानकोशकार’ हे विशेषण. ‘डॉक्टर’ मागे पडले.

येथे एक शंका रास्त आहे : पदवीशिवाय हेच काम झाले नसते का? त्याच काळात, त्याच पुण्यात, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे होतेच. पदवी फक्त बी.ए.ची. नोकरी नाही, संसार नाही, पायपीट करून जुनी दप्तरे धुंडाळायची, आणि त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड. त्यांना कोणी प्रबंध मागितला नाही. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले तेव्हा राजवाड्यांचा अधिकार विचारण्याची कोणाची हिंमत नव्हती. म्हणजे महाराष्ट्रात पदवीवाचून विद्वत्ता मान्य होत होती. मात्र कोणाची, हे विचारले पाहिजे. राजवाडे आणि केतकर हे ब्राह्मण घरांतले. त्यांच्याकडे कागद मागितला गेला नाही, कारण विद्येवरचा त्यांचा हक्क जन्मानेच गृहीत धरला जात होता.

आंबेडकरांचे गणित याच ठिकाणी बदलते.

४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाशी त्यांचा करार झाला : तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. वय पंचवीस वर्षे आणि काही दिवस.

या निबंधात आंबेडकर जातीच्या जुन्या व्याख्या एकेक तपासतात आणि शेवटी केतकरांच्या व्याख्येपाशी थांबतात. केतकर याच समाजातले असून मोकळ्या मनाने व चिकित्सक बुद्धीने लिहितात, अशी दाद ते देतात. आणि मग वार करतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती : जातीत जन्मलेल्यालाच सभासदत्व, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकरांचे म्हणणे असे की ही दोन लक्षणे नाहीतच. बाहेर लग्न करता येत नसेल, तर सभासद आतच जन्मलेला असणार हे उघड आहे. म्हणून मूळ गोष्ट एकच, अंतर्विवाह. आणि तो टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही सगळी यंत्रणा. एका मराठी डॉक्टरच्या प्रबंधाला दुसऱ्या होऊ घातलेल्या डॉक्टराने दिलेले हे उत्तर. दोघांच्या जन्मस्थितीत आकाशपाताळाचे अंतर. पण कागदावर ते समान पातळीवर भेटले. त्या काळच्या पुण्यात ही भेट अशा बरोबरीने झाली असती, असे मानणे कठीण आहे.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७च्या उन्हाळ्यात लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. सामान वेगळ्या जहाजाने पाठवले होते, ते पाणतीराने बुडाले. त्यात पुस्तके गेली. त्या सामानाच्या नुकसानभरपाईतूनच बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला. कोलंबियाचा एम.ए., पीएच.डी.चा प्रबंध सादर केलेला हा अधिकारी बडोद्यात राहायला खोली शोधत होता आणि ती मिळत नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले दिवस, अकराव्या दिवशी दारात लाठ्या घेऊन आलेले लोक, मग कामाठी बागेत काढलेले तास : हे सारे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकत. दहा वर्षांची चाकरी काही दिवसांतच संपली.

पदवीचा उपयोग शून्य, असे या टप्प्यावर कोणीही म्हटले असते. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली, तेथेही काही सहकाऱ्यांना पाण्याच्या माठाची चिंता पडली. तरीही आंबेडकरांनी काय केले, तर पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. एकदा पदवीचा फोलपणा अनुभवलेला माणूस आणखी पदव्यांसाठी कर्ज काढतो, यात हट्ट पाहणाऱ्यांनी हिशेब नीट केलेला नाही. बडोद्यात पदवी हरली ती खोलीच्या आणि पाण्याच्या प्रश्नावर. जेथे आकडे आणि युक्तिवाद चालतात, तेथे ती हरवता येत नाही, हे त्यांना कळले होते.

१९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३च्या अखेरीस डी.एस्सी. शेवटचा प्रबंध ‘रुपयाचा प्रश्न’. परीक्षकांनी बदल सुचवले, तेव्हा हातातले पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईत येऊन त्यांनी सुधारित प्रबंध येथूनच पाठवला. सुवर्ण विनिमय प्रमाणाचे समर्थन केन्सने १९१३ साली केले होते; आंबेडकरांनी त्याविरुद्ध बाजू मांडली. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही नोंदवले. चांगल्या मार्गदर्शकाची ही खूणच म्हणायची.

उपजीविका मात्र डॉक्टरेटवर झाली नाही. ती झाली वकिलीवर, आणि सनदेचे पैसेही भथेनांकडून घ्यावे लागले. वकिली जम धरीना, म्हणून लंडनचा हा डी.एस्सी. बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षणाच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होता. पण डिसेंबर १९२५ मध्ये भारतीय चलनाविषयीचा शाही आयोग मुंबईस आला, तेव्हा त्याच्यासमोर साक्षीला बसलेल्या आंबेडकरांना जात विचारण्याची सोय नव्हती. प्रश्न विनिमय दराचे होते. पुढे सायमन कमिशन, गोलमेज परिषद या ठिकाणी ज्या भाषेत ते बोलले, ती भाषा या दहा वर्षांत कमावलेली होती. राजवाड्यांना ज्याची गरज पडली नाही, ते आंबेडकरांना टाळता येण्याजोगे नव्हते.

कोलंबियाची पीएच.डी. तर आणखी लांबली. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी नाही, असा तेथील नियम. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ साली छापला गेला आणि पदवी ८ जून १९२७ रोजी मिळाली. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन तेव्हा अडीच महिने झाले होते.

हिशेबाची दुसरी बाजू ग्रंथांच्या अर्पणपत्रिकांत सापडते. प्रांतिक अर्थव्यवस्थेचा ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. ‘रुपयाचा प्रश्न’ आईवडिलांच्या स्मृतीस. ज्यांनी या सगळ्या वर्षांत परळच्या चाळीत तुटपुंज्या पैशावर घर चालवले त्या रमाबाईंचे नाव यांत कोठे नाही. ते येते १९४० अखेर प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयीच्या ग्रंथावर. तेथे आंबेडकर ‘रामू’ असे नाव लिहितात आणि मित्र नसलेल्या, टंचाईच्या आणि काळजीच्या त्या दिवसांत तिने आपल्याबरोबर सोसले, याची नोंद करतात. रमाबाई २७ मे १९३५ रोजीच गेल्या होत्या.