ठासणीच्या बंदुकीचा संस्कार

चांदूर बाजाराहून उत्तरेस पाहिले म्हणजे सातपुड्याची निळी रांग दृष्टीस पडते. त्याच रांगेत, अचलपुराच्या वरच्या अंगास, गाविलगड उभा आहे. पश्चिमेस, अकोटच्या बाजूस, नरनाळ्यावर नऊगजी तोफ अद्याप पडून आहे. तोफांचे व लढायांचे वर्णन इतिहासकार करतात. परंतु दारू कशी राखावी, बार कसा भरावा, हे ज्ञान वडिलांकडून मुलांकडे कसे येत गेले, याचा विचार क्वचितच होतो. तो आपल्या ज्ञातिबांधवांपुढे, विशेषेकरून तरुणांपुढे, ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. पुढे वेलस्लीने गाविलगडास दक्षिणेकडून वेढा दिला आणि स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा डोंगरवाटांनी ओढून गडाच्या उत्तरेस नेल्या. १५ डिसेंबरास गड पडला व दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. ज्याने तोफा चिकाटीने चढविल्या त्याने तट फोडला. शस्त्र जवळ असणे निराळे आणि शस्त्राची शिस्त अंगी असणे निराळे, हाच या प्रसंगाचा बोध होय.

ही शिस्त आपल्या लोकांस अपरिचित होती असे मात्र नव्हे. १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी बारकाईचे नियम आहेत. दारूखाना घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखाली असू नये. दारू तळघरात माचावर ठेवावी. तिला सरदी लागू देऊ नये. आठापंधरा दिवसांनी ती बाहेर काढून उन्हात वाळवावी. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणासही जवळ येऊ देऊ नये. तीनशे वर्षे उलटली तरी यातील एकही नियम शिळा झालेला नाही.

काळी दारू म्हणजे सुमारे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. प्रारंभी तोड्याची, मग चकमकीची आणि शेवटी टोपीची बंदूक आली. पण तिन्हींत दारू व गोळी नळीच्या तोंडातूनच गजाने ठासावी लागे. म्हणून ही बंदूक उतावळ्या माणसाची नव्हे. प्रथम गज नळीत सोडून नळी रिकामी आहे की नाही हे पाहावयाचे, कारण जुन्या बंदुकीत वर्षानुवर्षांचा बार भरलेला असू शकतो. दारू मापानेच घ्यावयाची; शिंगड्यातून नळीत सरळ ओतावयाची नाही, कारण नळीत राहिलेली एक ठिणगी सबंध शिंगडे पेटवू शकते. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळीचे तोंड निर्जन दिशेस धरून थांबावयाचे. काम संपताच त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवावयाची, नाही तर दारूची राख ओल धरते व लोखंड गंजते. हल्लीची निर्धूम दारू तर या नळीत कदापि घालू नये. तिच्या दाबाने नळी फुटते.

ज्या घरी अशी बंदूक होती, तेथे लहानांची तिच्याशी पहिली ओळख बार उडवून होत नसे. खंडेनवमीस ती पुसावी, तेल लावावे, वडिलधारे सांगतील तेवढेच हाताळावे, असाच क्रम असे. पूजा घरातील सर्वांची, त्यामुळे लेकीसुनांनाही ती परकी नसे. आधी आदर, मग ज्ञान आणि सर्वांत शेवटी नेम!

१८७८ च्या हत्यार कायद्याने ही परंपरा पुष्कळ अंशी खुंटली. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मान्य केला. रोही व रानडुकरे यांनी गांजलेल्या शेतकऱ्यास त्याचे मोल सांगावयास नको. मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर, पिकाची नासाडी करणारे जनावरही परवानगीवाचून मारता येत नाही. परवान्यास आता वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. तेव्हा माळ्यावरची आजोबांची बंदूक कुतूहलाने काढून पोरांच्या हाती देणे हा वारसा नव्हे. तो अपराध आहे आणि अपघातास आमंत्रणही आहे.

मग तरुणांनी शिकावे कोठे? १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर त्याचे आद्य प्रवर्तक होते. छात्रसेनेत आणि मान्य नेमबाजी संस्थांत मुलामुलींस रीतसर शिक्षण मिळते. कोल्हापूरकडच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या, तर स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. परदेशी तर ठासणीच्या बंदुकांच्याही जागतिक स्पर्धा भरतात. त्यांतील तोड्याच्या बंदुकीच्या एका स्पर्धेस, १५४३ साली जपानात जेथे ही विद्या प्रथम पोहोचली, त्या तानेगाशिमा बेटाचे नाव दिले आहे. वारसा असाही जपता येतो.

आपल्या वृद्धांपाशी या बंदुकीची जी माहिती आहे ती त्यांच्याबरोबरच जाईल, हे भय खरे आहे. तरुणांनी त्यांच्यापाशी बसावे, गज, रंजक, जामगी, तोसदान हे शब्द व त्यांमागील रीती लिहून घ्याव्यात. ज्यास नेमाची आवड असेल त्याने संस्थेत जाऊन शिकावे. बंदुका गंजतील, मोडीत जातील. पण थांबणे, मापणे व आपल्या हातून दुसऱ्यास इजा न होऊ देणे हा संस्कार गंजू देऊ नये. तो पुढील पिढीच्या हाती सोपविणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.