कातरलेला नकाशा

जुन्या वृत्तपत्रांतील युद्धकालीन नकाशे जमविणाऱ्यांची एक सवय इतिहासाच्या अभ्यासकाला खटकल्यावाचून राहत नाही. नकाशा कातरून ते चौकटीत बसवितात आणि उरलेले पान रद्दीत टाकतात. वस्तुतः वृत्तपत्रातील नकाशा ही स्वतंत्र कलाकृती नव्हेच. शेजारच्या स्तंभातील वार्तेचे ते रेषांच्या भाषेतले भाषांतर होय. मूळ संहिता नष्ट केल्यावर भाषांतर पारखावयाचे कशाशी?

अमेरिकेतील यादवी युद्धाचेच उदाहरण घ्यावे. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’सारखी दैनिके त्या काळी पहिल्या पानावर मोठमोठे नकाशे देत. लाकडी ठोकळ्यांवर ते उलटे कोरावे लागत आणि घाईत चुकाही होत. 8 मार्च 1862 रोजी हॅम्प्टन रोड्स येथे दक्षिणेच्या एका चिलखती जहाजाने ‘कंबरलंड’ व ‘काँग्रेस’ या लाकडी युद्धनौकांचा नाश केला. दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या ‘मॉनिटर’ने त्याला काही तास झुंजविले, निर्णय मात्र लागला नाही. हे जहाज पोटोमॅक नदीतून वॉशिंग्टनवर चालून येईल, ही धास्ती लिंकनच्या मंत्रिमंडळापर्यंत पोहोचली होती. दक्षिणेने त्याचे नाव ‘व्हर्जिनिया’ ठेविले होते. उत्तरेची वृत्तपत्रे ‘मेरिमॅक’ हे जुनेच नाव छापीत राहिली. नव्या नावात नव्या राष्ट्राचा दावा होता. जुने नाव तो नाकारीत होते. ही धास्ती आणि हा नामभेद उमगतो तो नकाशा आणि मजकूर एकत्र वाचल्यावरच.

शिवाय अशा पानाचा अर्थ त्या किनाऱ्यापुरता मर्यादित नसतो. एप्रिल 1861 मध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस दुर्मीळ झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. 1865 मध्ये युद्ध संपले, तसा तो डोलारा कोसळला. अमेरिकन बंदरांचा नकाशा आणि त्यालगतची बाजारवार्ता यांत आपल्याही इतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे.

दैवयोग असा की, चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला तो कागद पुष्कळ ठिकाणी आजही मऊ व भक्कम आहे. पुढे लाकडाच्या लगद्यावर छापलेली वृत्तपत्रे मात्र पिवळी पडून हाताळताच तुटतात. काळाने ज्या पानाला अभय दिले, त्यावर संग्राहकानेच कात्री चालवावी, हे काही रसिकतेचे लक्षण नव्हे. नकाशा जपावयाचा तर त्याच्या चुका, त्याची तारीख आणि भोवतालचा मजकूर यांसह सबंध अंकच जपला पाहिजे.