तिकिटावरचा विमा आणि साथीचा रोग

आज आपण प्रवासाच्या विम्याबद्दल बोलणार आहोत. हा विषय विमानाने फिरणाऱ्यांचा आहे असं वाटेल, पण भिवंडी तालुक्यात प्रवास कोणाच्या घरात नाही? यंत्रमागांवर आणि गोदामांत काम करायला लांबलांबून माणसं येतात. आपल्या गावातून कोणी पंढरपूरला जातं, कोणी काशीला, कोणी हजला. कोणाचा मुलगा, कोणाचा दीर आखाती देशात नोकरीला आहे. प्रत्येक प्रवासात पैसा गुंतलेला असतो, आणि कधीकधी तो गटातून कर्ज काढून उभा केलेला असतो.

कोविड येऊन गेला, तरी गटांच्या बैठकीत एक प्रश्न अजून निघतो. "ताई, बँकेतून दरवर्षी विम्याचे बारा रुपये कापले जात होते. मग माणूस कोविडने गेला तेव्हा पैसे का नाही आले?" याचं उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे 'अपघात'. हा शब्द विम्याच्या कागदावर कसा आला आणि आजार बाहेर का राहिला, हे समजायला थोडं मागे जाऊ.

आगगाडी नवीन होती तेव्हाची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये लोकांना गाडीची भीती वाटायची. रुळावरून घसरली तर काय, दुसऱ्या गाडीवर आदळली तर काय? म्हणून १८४९ साली लंडनमध्ये रेल्वे पॅसेंजर्स ॲश्युरन्स नावाची कंपनी निघाली. स्टेशनवर तिकीट काढतानाच एक, दोन किंवा तीन पेनी जास्त द्यायचे आणि त्या प्रवासापुरता विमा घ्यायचा. तिसऱ्या वर्गाच्या माणसाने एक पेनी दिली आणि तो गाडीच्या अपघातात गेला, तर घरच्यांना २०० पौंड मिळायचे. एवढे कमी पैसे घेऊन कंपनीला परवडायचं कसं? कारण अपघात क्वचित होतो. हजारो लोक एक पेनी देतात आणि त्यातल्या एखाद्याच्या घरावर वेळ येते. आपल्या गटाचं तत्त्वही हेच आहे: सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि जिला अडचण आहे तिने उचलायचं.

आता विचार करा, गटातल्या दहाही जणींना एकाच दिवशी कर्ज हवं झालं तर? पेटी रिकामी होईल. साथीचं नेमकं असंच असतं. अपघात एका घरात होतो, साथ सगळ्या गावात एकदम शिरते. म्हणून एका प्रवासाचा स्वस्त विमा विकणाऱ्यांनी आजाराला पहिल्यापासून दूर ठेवलं. जो विमा कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी पैसे देतो, तो वेगळा. त्याला आयुर्विमा म्हणतात आणि त्याचा हप्ता मोठा असतो. आपल्या मुंबईत १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल आणि १८७४ मध्ये ओरिएंटल या आयुर्विमा कंपन्या सुरू झाल्या. पण तो विमा पगारदार, पैसेवाल्या माणसांपर्यंतच पोचला. गिरणीत, गोदीत राबणाऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं.

मग १८९६ साल आलं. सप्टेंबर महिन्यात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. काही महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. शहराची वस्ती तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी माणसं गाडीने, होडीने, पायी, जमेल तशी गावाकडे निघून गेली. गाडीने जाणाऱ्यांची वाट आपल्या शेजारच्या कल्याणवरून होती. तिथे प्रवाशांना उतरवून तपासत. बायकांनाही परक्या माणसांसमोर उभं राहावं लागे. त्याचा लोकांना फार संताप आला.

ही तपासणी ज्या कायद्याने होई, तो साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झाला. गाडीतला प्रवासी तपासायचा, संशय आला तर अडकवून ठेवायचा, जहाज थांबवायचं, असे सगळे अधिकार त्यात सरकारला मिळाले. आणि चौथ्या कलमात लिहिलं की, या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कामाबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. म्हणजे प्रवास मोडला, मजुरी बुडली, तर भरपाई मागायला जागाच नव्हती. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेवर बंदी आली. हजसाठी आयुष्यभर साठवणारी माणसं बंदरापर्यंत येऊन थांबली.

त्या काळात विम्याचा कागद नसलेल्यांना आधार कोणाचा होता? माणसांचा. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथे आणलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

पुढे देश स्वतंत्र झाला, कायदे बदलले. रेल्वेच्या कायद्यात आज १२४ आणि १२४-अ अशी दोन कलमं आहेत. गाडीचा अपघात झाला किंवा तिकीट काढलेला प्रवासी गाडीतून पडून गेला, तर घरच्यांना भरपाई मिळते. २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. पण १२४-अ मध्येच लिहिलं आहे की मृत्यू नैसर्गिक कारणाने किंवा आजाराने झाला असेल तर भरपाई नाही. १८४९ मध्ये लंडनच्या कंपनीने जी रेघ ओढली, तीच आपल्या कायद्यातही आहे. २०१६ पासून ऑनलाइन तिकीट काढताना एक रुपयाहूनही कमी पैशांत १० लाखांचा विमा मिळू लागला. एसटीच्या तिकिटातही त्याच वर्षापासून १ रुपया 'अपघात सहाय्यता निधी' म्हणून घेतात, आणि अपघाती मृत्यू झाला तर वारसाला १० लाखांपर्यंत मदत असते. या दोन्ही चांगल्या सोयी आहेत. पण दोन्हींत शब्द 'अपघात' हाच आहे.

आता २०२० कडे या. मार्च महिन्यात आपल्या राज्यात १८९७ चा तोच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. गाड्या थांबल्या, माग थांबले. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनवरून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, तेव्हा हजाराहून अधिक कामगार तिच्यात बसून गेले. त्यानंतर ऑगस्टपर्यंत देशभरात ६३ लाखांवर माणसं अशा गाड्यांनी घरी गेली. ज्यांना गाडी मिळाली नाही, ती चालत निघाली. मुंबई-नाशिक महामार्गावर पडघ्याकडून कसाऱ्याकडे जाणाऱ्या रांगा आपण डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

८ मे २०२० च्या पहाटे जालना आणि औरंगाबादच्या मध्ये करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला गाडी मिळेल म्हणून भुसावळच्या दिशेने चालले होते. हा तर अपघातच होता. पण रेल्वेची भरपाई तिकीट असलेल्या प्रवाशाला मिळते आणि यांच्याकडे तिकीट नव्हतं. त्यांच्या घरच्यांसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. ती सरकारने केलेली मदत होती. हक्काने मागता येईल असा विमा त्यांच्याजवळ नव्हता.

आणि तिकीट होतं त्यांचं काय? श्रमिक गाड्यांमध्ये ९ सप्टेंबर २०२० पर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाल्याचं रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं. शवविच्छेदनात कारणं निघाली ती हृदयविकार, मेंदूतला रक्तस्राव, जुने आजार अशी. उन्हाचा, उपाशीपोटी झालेला प्रवास कितीही कठीण असो, कागदावर 'आजार' लिहिलं की ते १२४-अ च्या बाहेर गेलं.

यात्रेकरूंचंही पाहू. २०२० च्या आषाढीला माउली आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. सोबत मोजकीच माणसं होती, वारकरी घरी राहिले. जूनमध्ये सौदी सरकारने परदेशी यात्रेकरूंना त्या वर्षी हजला येता येणार नाही असं सांगितलं. इथे मात्र १८९७ पेक्षा वेगळं घडलं. अर्ज केलेल्या २ लाख १३ हजार लोकांचे पैसे काहीही न कापता थेट खात्यात परत करायचं भारत सरकारने जाहीर केलं. विमानाच्या तिकिटांसाठी लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने, टाळेबंदीच्या दोन महिन्यांत त्याच काळासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत द्यायला सांगितले गेले. म्हणजे तिकीट रद्द झालं तेव्हा बहुतेकांना पैसे मिळाले ते अशा आदेशांमुळे मिळाले.

मग प्रवास विमा काढलेल्यांचं काय झालं? प्रवास विमा अचानक आलेल्या, आधी माहीत नसलेल्या संकटासाठी असतो. साथ जाहीर झाल्यावर कोणी पॉलिसी काढली, तर कंपनी म्हणते, हे संकट तुम्हाला आधीच ठाऊक होतं. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला कोविड ही जगभरची साथ असल्याचं सांगितलं. त्याच्या आसपासच्या तारखांवर अनेकांचे दावे अडले. दुसरं असं, की स्वतः भीतीने प्रवास रद्द केला किंवा सरकारने सीमा बंद केली, तर साधी पॉलिसी सहसा पैसे देत नाही. प्रवासात स्वतः आजारी पडून दवाखान्यात राहावं लागलं, तर पॉलिसीत तसं लिहिलेलं असेल तरच मिळतात. पुढे बऱ्याच कंपन्यांनी परदेश प्रवासाच्या पॉलिसीत कोविडचा दवाखाना खर्च घातला.

आखातात कामाला जाणाऱ्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. ज्यांच्या पासपोर्टला परदेशी नोकरीसाठी सरकारची परवानगी लागते, त्यांना ती सक्तीची आहे. तिच्यातले १० लाखही अपघाती मृत्यूसाठी किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहेत. आजारपणाच्या दवाखान्यासाठी वेगळी आणि कमी रक्कम आहे. घरातला माणूस जाणार असेल तर निघण्याआधी त्या पॉलिसीची प्रत घरी ठेवून घ्या.

आता त्या बारा रुपयांकडे येऊ. २०१५ मध्ये बँकेमार्फत दोन विमे आले. एक सुरक्षा विमा, १२ रुपयांचा. तो अपघाताचा. दुसरा जीवन ज्योती, ३३० रुपयांचा. तो कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख देणारा. जून २०२२ पासून हे हप्ते २० आणि ४३६ रुपये झाले. कोविडने गेलेल्या माणसाचा जीवन ज्योती चालू होता तर वारसाला पैसे मिळण्याचा हक्क होता. फक्त बारा रुपयांचा होता तर नव्हता. कितीतरी घरांत एकच कापला जात होता आणि दोन्ही आहेत असं वाटत होतं. जीवन ज्योतीत १८ ते ५० वयापर्यंत नाव घालता येतं. नाव घातल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर कारणाने मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत. म्हणजे साथ दारात आल्यावर धावत जाऊन उपयोग नाही.

या सव्वाशे वर्षांतून आपण चार प्रश्न शिकून ठेवू. प्रवासाचा किंवा कोणताही विमा समोर आला की ते विचारायचे. पहिला: हा फक्त अपघाताचा आहे की आजाराचाही? दुसरा: साथीचा रोग यात आहे की वगळला आहे, आणि ते कोणत्या पानावर लिहिलं आहे? तिसरा: मी जायचं रद्द केलं तर काय, आणि सरकारने गाडी बंद केली तर काय? चौथा: वारस म्हणून कोणाचं नाव आहे आणि कागद कुठे ठेवला आहे? विकणारा तोंडी 'सगळं आहे' म्हणाला, तर त्याला ते छापील कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा. वाचता येत नसेल तर गटातल्या वाचणारीला सोबत न्या.

आणि एक काम पुढच्या बैठकीत करा. प्रत्येकीने पासबुक भरून आणायचं. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला २० रुपये कापलेत का, ४३६ कापलेत का, की दोन्ही, हे सगळ्यांनी मिळून बघायचं आणि गटाच्या वहीत लिहून ठेवायचं. यात्रेसाठी कर्ज देताना पावती, तिकीट आणि विम्याच्या कागदाची प्रतही गटाच्या फाइलीत लावा. पुढे कधी प्रवास मोडला, तर पैसे परत मागायला तोच कागद लागेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.