शाही द्राक्षाची मुळे

द्राक्षवेल सहसा बियांपासून लावीत नाहीत. बी रुजले तरी मूळ वेलीचे गुण त्यात जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून माळी जुन्या वेलीची काडी जमिनीत रोवतो व तिला स्वतःची मुळे फुटू देतो. हैदराबादच्या ‘अनाब-ए-शाही’ द्राक्षाचा विस्तार अशा काड्यांनीच झाला.

दख्खनला द्राक्ष अपरिचित नव्हते. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद केली आहे. हैदराबादेत अनाब-ए-शाही आणण्याचे श्रेय अब्दुल बाकर खान यांना दिले जाते. तो काळ १८९० च्या सुमाराचा. या द्राक्षाचा मणी टपोरा, लांबट व रसाळ, आत बी आणि गोडी बेताची. वेल मांडवावर चढवीत. एप्रिलमधील छाटणी काडी तयार होण्यासाठी, ऑक्टोबरमधील छाटणी फळासाठी. दोन छाटण्यांतून पीक मात्र एकच घेत. हैदराबादच्या बागांतून ही जात कर्नाटक व तमिळनाडूपर्यंत पोहोचली.

योगायोग असा की, याच सुमारास फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतात द्राक्षवेलीची मुळे पोखरणारा फायलॉक्सेरा हा अमेरिकन कीटक शिरला. त्यावर एकच उपाय टिकला, तो म्हणजे अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधणे. त्यामुळे शॅम्पेनमध्ये स्वमुळावरील जुनी वेल दुर्मिळ झाली. बोलँजे या घराण्याने अशा मोजक्या वाफ्यांतील वेली दाबकलमाच्या जुन्या रीतीने राखल्या, आणि १९६९ च्या हंगामापासून त्यांच्या द्राक्षांची शॅम्पेन वेगळी भरली. तरीही बूझी गावचा त्यांचा एक वाफा २००५ मध्ये याच कीटकाने गेला.

दख्खनमध्ये कलमाची गरज वेगळ्या कारणाने भासली. पाण्याची टंचाई व जमिनीतील क्षार वाढले, तेव्हा महाराष्ट्रातील बागाईतदारांनी १९९० नंतर डॉगरिज खुंटाचा मोठ्या प्रमाणावर आश्रय घेतला. त्याआधीच बिनबियांच्या थॉम्पसन सीडलेसने बाजारात अनाब-ए-शाहीला मागे सारले होते. हैदराबादभोवती तर शहर वाढत गेले व द्राक्षांच्या मांडवांच्या जागी घरे उभी राहिली.

अनाब-ए-शाही जात म्हणून नष्ट झालेली नाही. तिच्यापासून निवडलेली ‘दिलखुश’ कर्नाटकात रुजली आहे. काडी कोठेही नेता येते, आणि जात तिच्यामुळे तगून राहते. परंतु एका विशिष्ट जमिनीत अनेक वर्षे खोल उतरलेली मुळे उचलून नेता येत नाहीत. शॅम्पेनमध्ये जुनी वेल टिकली, ती कोणीतरी तिच्याखालची जमीन राखली म्हणून. हैदराबादेत बागेच्या जमिनीला द्राक्षापेक्षा घराचे मोल अधिक आले, आणि शाही द्राक्षाला आपले जन्मगावच अपुरे पडले.