अष्टमीच्या बंदरातून रायगडाकडे : एका वकिलाचे स्वागत



परराज्याच्या वकिलाचे स्वागत म्हटले की तोफांची सलामी, उंची वस्त्रे आणि चार गोड भाषणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. वास्तविक तो राज्यव्यवहारातील मोठा मर्माचा प्रसंग असतो. पाहुण्याला कोठवर पुढे येऊ द्यावयाचे, त्याला काय द्यावयाचे आणि काय नाकारावयाचे, यावरून यजमान राज्य स्वतःला काय समजते ते कळून येते. याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच मुलखात घडलेले आहे. १६७४ सालच्या मे महिन्यात हेन्री ऑक्सिंडेन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील मुंबईहून रायगडास गेला. तो आधी चौलास आला, तेथून कुंडलिकेच्या खाडीने वर चढला आणि अष्टमीस उतरला. इंग्रजांच्या लेखनात ‘एस्थेमी’ म्हणून जे गाव येते, ते रोह्यासमोरचे अष्टमीच होय. राज्याभिषेकाचे वर्णन ज्याच्या वृत्तांतावरून आपण वाचतो, तो गृहस्थ असा आपल्या नदीने गेला आहे.

त्या वेळचा आपला किनारा कसा होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मुंबई १६६८ पासून कंपनीच्या ताब्यात होती. रेवदंड्याचे कोट बांधलेले चौल पोर्तुगीजांचे, तर त्याला लागूनच असलेले वरचे चौल शिवाजी महाराजांचे. जंजिऱ्यावर सिद्दी, आणि पेण, नागोठणे, रोहे हा सारा मुलूख स्वराज्यात. एका भरती-ओहोटीच्या अंतरात चार सत्ता नांदत होत्या. प्रत्येकाची जकात निराळी, नाणे निराळे, आरमार निराळे. मुंबई बेट लहान. त्याला धान्य आणि सरपण समोरच्या किनाऱ्यावरून यावयाचे. म्हणजे राज्ये चार असली, तरी पोट एकमेकांवर अवलंबून होते.

या अवलंबनाचा जाच कोणाला झाला? तो पेणच्या बाजूच्या रयतेला झाला. १६७३ च्या ऑक्टोबरात सिद्दीचे आरमार मुंबईच्या बंदरात शिरले आणि त्याची माणसे पेण व नागोठण्याच्या खाड्यांत उतरून महाराजांच्या मुलखाची नासधूस करून गेली. इंग्रज म्हणत, आम्ही दोघांचेही मित्र. परंतु सिद्दीला थारा मिळे तो त्यांच्या बंदरात. मोगलांचा आश्रय असलेल्या सिद्दीला दुखवावे, तर सुरतेचा व्यापार जातो. आणि महाराजांना दुखवावे, तर मुंबईची चूल विझते, असा हा पेच होता. शिवाय जुने खाते होतेच. १६६० साली राजापूरच्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागल्या. त्याचे प्रायश्चित्त म्हणून १६६१ साली राजापूरची वखार लुटली गेली व तेथील इंग्रज कैदेत पडले. त्या लुटीची भरपाई कंपनी वर्षानुवर्षे मागत होती. १६७३ साली टॉमस निकल्स त्यासाठी रायगडावर येऊन गेला होता, पण तह पुरा झाला नव्हता.

आता ऑक्सिंडेनच्या मागोमाग जाऊ. अष्टमीहून निजामपूर, गांगवली असा घाटवाटांचा प्रवास करून तो १९ मे रोजी पाचाडास पोचला. (या तारखा त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे आहेत.) महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेले होते, म्हणून वकिलाला पायथ्याशी थांबावे लागले. तेथे निराजीपंतांशी त्याचे बोलणे झाले. महाराजांनी सिद्दीशी सलोखा करावा, असा आग्रह धरण्याचे ऑक्सिंडेनच्या मनात होते. निराजीपंतांनी त्याला सांगितले की, हा विषय काढू नका. त्याने तुमचेच काम अडेल. पाहुण्याचा अपमान न करता त्याला मर्यादा कशी दाखवावी, हे या मुत्सद्द्याकडून शिकावे!

२२ मे रोजी वकील गडावर चढला आणि २६ तारखेस त्याची महाराजांशी भेट झाली. त्याच्या मुक्कामाची एक गंमत नमूद आहे. इंग्रजांना रोज बकऱ्याचे मांस लागे. गडावर मांस खाणारे थोडे. जो म्हातारा खाटीक ते पुरवी, त्याने पूर्वी कित्येक वर्षांत विकले नसेल एवढे मांस या चार माणसांनी थोड्या दिवसांत संपविले. तेव्हा असे गिऱ्हाईक आहे तरी कसे, हे पाहण्यासाठी तो बिचारा एवढा गड चढून वर आला!

६ जूनला राज्याभिषेक झाला. ऑक्सिंडेन सिंहासनासमोर गेला, दुरून मुजरा केला, आणि त्याचा दुभाषा नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांनी त्यांना सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत बोलावून घेतले, वस्त्रे दिली आणि निरोप दिला. त्या थोड्या वेळात या व्यापाऱ्याने दृष्टी चौफेर फिरविली. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस सोन्याच्या भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशांची मस्तके, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाची खूण म्हणून समतोल सोन्याचा तराजू त्याने पाहिला. दाराशी दोन लहान हत्ती होते. ते असल्या अवघड वाटेने वर आणले कसे, याचे त्याला नवल वाटले.

परंतु खरे स्वागत पुढे तहाच्या कलमांत आहे. इंग्रजांनी वीस कलमे मांडली होती. स्वराज्यात व्यापाराची मोकळीक आणि मालावर शेकडा अडीच जकात मान्य झाली. राजापूरच्या भरपाईपोटी दहा हजार होनांचा ठराव झाला. मात्र त्यासाठी कंपनीला पुढेही खेटे घालावे लागले. दोन गोष्टी महाराजांनी मानल्या नाहीत. कंपनीचे नाणे आपल्या राज्यात चालावे, असे कलम त्यांनी घालू दिले नाही. धातूचा कस पाहून लोक ते घेतील तर घेतील, सक्ती होणार नाही, असे सांगितले. दुसरी मागणी फुटलेल्या गलबतांची. किनाऱ्यास लागलेला माल राजाचा, हा कोकणचा जुना दंडक. तो इंग्रजांसाठी मोडला, तर फ्रेंच, डच आणि पोर्तुगीज उद्या तेच मागतील. म्हणून गलबतावरील माणसांना साहाय्य मिळेल, पण माल मिळणार नाही, असा निर्णय झाला. तहावर महाराजांची संमती व मंत्र्यांच्या सह्या झाल्यावर १३ जूनला वकिलाने गड सोडला.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, आदर पुरा झाला आणि तरीही नाणे व किनारा यांवरील अधिकार तिळमात्र सैल झाला नाही. ही दृष्टी एका दिवसात आलेली नव्हती. १६७१ च्या डिसेंबरात महाराजांनी कुडाळचा सुभेदार नरहरी आनंदराव याला पत्र पाठवून बारदेशाच्या मिठावर जबर जकात बसविली होती. हेतू हा, की पोर्तुगीजांच्या स्वस्त मिठाने संगमेश्वरचे मीठ मारले जाऊ नये. मिठागरांशेजारी राहणाऱ्या पेणकरांना या पत्रातील मर्म समजावून सांगावयास नको.

तहाने सर्व दुखणी बरी झाली नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. सिद्दीचा प्रश्न तसाच राहिला आणि खाड्यांतील रयतेला त्याची झळ पुढेही लागली. शेजाऱ्यांपैकी एकाशी करार झाला. सर्वांनी एकत्र बसून किनाऱ्याचा विचार करावा, अशी बैठक त्या काळी नव्हती. आज ती जगात निर्माण झाली आहे. शेजारी राष्ट्रे संघ करतात, जकात आणि वाहतूक यांचे नियम मिळून ठरवितात, आणि अशा संघाकडे इतर राष्ट्रे स्वतंत्र राजदूत पाठवितात. आग्नेय आशियाच्या ‘आसियान’ संघासाठी भारताने २०१५ साली जकार्ता येथे वेगळी वकिलात उघडली. आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानच्या वतीने बसले होते, तेही राष्ट्राराष्ट्रांतील पैशाच्या व्यवहाराचे नियम ठरविण्यासाठीच.

तेव्हा यापुढे कोणा नव्या राजदूताच्या स्वागताची बातमी वाचाल, तेव्हा हारतुऱ्यांपाशी थांबू नका. कोणती कलमे मान्य झाली, कोणती नाकारली गेली, आणि खाडीकाठच्या माणसाच्या पदरात काय पडले, एवढे अवश्य विचारा.